पालथ्या घमेल्याखालचा आवाज

मच्छिंद्र ढाकणे निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण बूड टेकवून बसणं काही त्यांना जमलं नाही. सकाळचा चहा झाला की पायांत चपला, आणि पाय टाकळीच्या एसटी स्टँडकडे. तिथे जाऊन करायचं काय, तर स्टँडला शिव्या द्यायच्या. ही सेवा त्यांनी नोकरीतही कधी चुकवली नव्हती.

स्टँडही शिव्यांच्याच लायकीचा. पाथर्डी-जामखेडकडच्या रखरखाटात कुणा मुंबईच्या आर्किटेक्टनं सत्तरच्या दशकात हा सिमेंटचा अवाढव्य घुमट उभा केला. ना गिलावा, ना रंग. लोक त्याला पालथं घमेलं म्हणतात. उन्हाळ्यात आत माणूस भाजून निघतो, पावसाळ्यात घुमट नेमका बाकड्यांवरच गळतो, आणि कबुतरं बाराही महिने. त्यात सगळ्यात वाईट म्हणजे आवाज घुमतो. एक शब्द बोलावा तर तो वर जाऊन परत येतो आणि पुढच्या शब्दाच्या उरावर बसतो.

मच्छिंद्र इथे कंट्रोलर म्हणून आले, त्याच आठवड्यात ऊसतोडीला निघालेल्या एका कुटुंबाची ताटातूट झाली. नवरा श्रीगोंद्याच्या गाडीत, बायको-पोरं जामखेडच्या. यांनी नीटच पुकारलं होतं. लोकांना ऐकू आला नुसता कालवा. मच्छिंद्रना ते फार लागलं. मग त्यांनी माईक बाजूला सारला आणि घुमटाशी जुळवून घेतलं. खांबाजवळ उभं राहायचं, एक शब्द टाकायचा, तो विरेपर्यंत थांबायचं, मग दुसरा. त्यानंतर त्यांचं ऐकून कुणी चुकीच्या गाडीत बसलं नाही.

सवय मात्र जिभेला कायमची चिकटली. घरीही ते "भाजी" म्हणून थांबत, आणि "वाढ" येईपर्यंत बायकोचा, रतनबाईंचा, जीव खालीवर होई. थोरल्या पूजाच्या लग्नाच्या बोलणीत मुलाकडच्यांना वाटलं, बाप शब्दाशब्दाला अडखळतोय म्हणजे मुलीत काहीतरी खोट आहे. सोयरीक मोडता मोडता वाचली. रतनबाई पुढे पुढे नवऱ्याशी कामापुरतंच बोलू लागल्या, आणि त्यांनीही कधी कारण विचारलं नाही.

अशात घमेलं पाडून नवा स्टँड बांधायचं घाटू लागलं. वर पत्रे, खाली धड फलाट, बायकांसाठी स्वच्छतागृह. फक्त ग्रामसभेचं मत हवं होतं. मच्छिंद्र खूश. तेवढ्यात नगरहून कैनात शेख नावाची तरुण आर्किटेक्ट आली आणि त्यांच्या शेजारी बाकड्यावर बसली. या इमारतीला वारसा म्हणून संरक्षण मिळावं, असा तिचा आग्रह.

"काका, ही सुंदर आहे असं मी म्हणतच नाही," ती म्हणाली. "पण आवडत नाही म्हणून पाडत सुटलो, तर पणजोबांचं तेवढं जपू आणि वडिलांचं पुसत जाऊ. गळती थांबवता येते. स्वच्छतागृह शेजारी बांधता येतं. तुम्ही जन्म काढलाय इथे, तुमचं लोक ऐकतील. बोला."

झालं, मच्छिंद्रांचं अन्न गोड लागेना. पोरीचं म्हणणं खोटं म्हणवत नव्हतं. पण आडोसा शोधत स्टँडमागं फिरणाऱ्या बायका त्यांनी इतकी वर्षं पाहिल्या होत्या, आणि दुरुस्तीची आश्वासनंही ऐकली होती. दाढी अर्धी टाकून ते उठत, फाट्यापर्यंत जात, काही न करता परत येत. रतनबाई नुसत्या बघत.

ग्रामसभा स्टँडातच भरली. स्वच्छतागृहाचा विषय म्हणून बायाही आल्या, त्यांत रतनबाई. ढाकणे वस्तीला गाडी फाट्यावरच हात करून मिळते, त्यामुळे नवऱ्याच्या स्टँडात त्यांचं पाऊल कधी पडलंच नव्हतं.

सरपंच अमृत माईकवर बोलले, त्याचा गोळा झाला. कैनात कळवळून बोलली, त्याचाही गोळा झाला. मागून "कळंना, कळंना" सुरू झालं. कुणीतरी म्हणालं, कंट्रोलरला उभं करा.

मच्छिंद्र खांबाजवळ गेले.

"स्टँड... वंगाळ... हाय."

शेवटच्या बाकड्यापर्यंत लोक हसले.

"बायांचे... लई... हाल... व्हत्यात."

बायांनी माना डोलावल्या. मच्छिंद्रनी कैनातकडे पाहिलं. ती आशेनं बघत होती, आणि ते बघवेना म्हणून त्यांनी नजर वर घुमटाकडे नेली.

"पाडा."

हात भराभर वर झाले. कैनातनं कागद पिशवीत ठेवले, लांबूनच त्यांना नमस्कार केला. मच्छिंद्र गर्दीतून बाहेर लिंबाखाली आले तर मागोमाग रतनबाई. डोळ्यांना पदर लावलेला.

"मला वाटायचं, माज्याशी बोलायचा तुमाला कंटाळा हाय," त्या म्हणाल्या. "म्हून असं तोडून तोडून बोलता. आज कळलं. हितं दुसरं कसं बोलनार हुता तुमी?"

आत जावं, तो शब्द परत घ्यावा असं मच्छिंद्रना वाटलं, दोन पावलं ते गेलेही. आत सरपंच हात मोजत होते. शब्द इतका स्वच्छ ऐकू गेला होता की पुन्हा विचारायला कुणी थांबलंच नव्हतं.