काकीचं लिंबू आणि दादाचा सातबारा

"खाली ठेव म्हणतो ना ती लिंबं," माझा चुलत भाऊ, म्हणजे दादा, ओरडत होता. त्याचा आवाज असा, की तो वाडीत ओरडला तर वाणगाव स्टेशनातला गार्ड दचकून हिरवा झेंडा आत घेतो. "ज्याच्या नावावर वाडी, त्याला इचारल्याबिगर फळ तोडायचं नाय. कितींदा सांगू, काकी?"

मी तेव्हा रिक्षातून उतरत होते. एका हातात डबा, दुसऱ्या हातात सुकटाची पिशवी. काकी लिंबाच्या झाडाखाली उभी होती, ओच्यात दोन-चार लिंबं. ते झाड तिनंच लावलेलं, भांडी विसळलेलं पाणी घालून घालून वाढवलेलं. आता तिनं काय करावं? ती खाली वाकली आणि एकेक लिंबू झाडाच्या बुंध्याशी ठेवायला लागली. झाड हात खाली करून ती परत घेईल, अशा बेतानं.

मला सहसा किळस येत नाही. बोईसरच्या कारखान्यांच्या शेजारी इतकी वर्षं डब्यांची खानावळ चालवते आहे, की नाल्याच्या पाण्याचा रंग बघून मी वार सांगते. लाल असला की मंगळवार, हिरवा असला की शुक्रवार. असल्या नाल्यावर उभी राहून मी वडापाव खाल्लाय आणि वर चहा मागितलाय. पण त्या दिवशी दादाच्या तोंडातला मावा, त्यानं लिंबाच्याच बुंध्यावर मारलेली लाल पिचकारी आणि त्या पिचकारीच्या कडेकडेनं कोरडी जागा शोधून लिंबं ठेवणारी काकी, एवढं पाहिलं आणि मला किळस आली. दोन दिवस अन्नावर वासना नव्हती. माझी नसली तर बोईसरचे अर्धे कामगार उपाशी राहतात, ही गोष्ट वेगळी.

हे सगळं झालं काकांच्या शहाणपणामुळे. काका वीजकेंद्रातून निवृत्त झालेले. आयुष्यभर एकच विचार, कुठं काय जळेल आणि त्याच्या आधी कुठं फ्यूज बसवावा. मांजर स्वस्थ उभं राहिलं असतं तर त्यालाही त्यांनी अर्थिंग करून घेतलं असतं. मूलबाळ नव्हतं. मागे काकी, वाडी, वाडीतलं कौलारू घर, आणि दोन भावांची दोन पोरं: एक हा दादा, एक मी. वाडीच्या आजूबाजूला जमिनीचे भाव असे चढलेले, की माणसं शेजाऱ्याच्या तिरडीला खांदा देतानाही बांधाकडे बघत चालायची.

म्हणून जिवंतपणीच काका आम्हा दोघांना पालघरला वकीलबाईंकडे घेऊन गेले आणि त्यांनी वाडीचा ट्रस्ट केला. दस्त नोंदवला, सह्या झाल्या. दादाला विश्वस्त नेमलं, कारण तो वाडीच्या जवळ राहतो आणि शेतकरी आहे. मला काय नेमलं ते मला कळलं नाही. बाई म्हणाल्या, "तुम्ही लाभार्थी." मी म्हटलं, बरं. मला वाटलं, सरकारी योजनेतली शेळी मिळणार असेल. बाई समजावत होत्या आणि खिडकीखालच्या गाडीवर कोणी तरी भजी तळत होता. त्याचं तेल शिळं होतं, हे मात्र मला पहिल्या मजल्यावरून नीट कळत होतं.

काका गेले. ट्रस्टाप्रमाणे सातबाऱ्यावर विश्वस्त म्हणून दादाचं नाव चढलं. आणि आमच्याकडे सातबाऱ्यावर नाव चढलं, की माणसाची मान चार बोटं लांब होते. नावापुढं बारीक अक्षरात काय लिहिलंय ते कोण वाचतो? 'विश्वस्त' हा शब्द दादाला शाल-श्रीफळासारखा वाटला. त्यानं गावभर पेढे वाटले. नाक्यावर त्याच्या वाढदिवसाचा बॅनर लागला, गॉगल लावलेला, खाली 'बागायतदार'. तो फोटो एवढा मोठा होता, की त्याच्या एका नाकपुडीत घारीनं घरटं केलं असं सांगतात. मी सांगते, निदान.

बरं, दादाचं सोडा. गावानं मानलं, तलाठ्याच्या दारातल्या माणसांनी मानलं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे काकीनंही मानलं. नाव त्याचं, म्हणजे मालक तो. ती चहात घालायला गवती चहाची पात तोडायच्या आधी विचारायला लागली. झावळी पडली तर चुलीत घालू का म्हणून निरोप पाठवायला लागली. एकदा तर तिनं शेजारणीला सांगितलं, की नारळ रात्रीचा पडला, मी तोडला नाही. सत्तरी ओलांडलेली बाई स्वतःच्या वाडीत चोर ठरू नये म्हणून साक्षीदार गोळा करत होती.

वहिनी तर काकीची कपाटं उघडून साड्यांचा वास घेत फिरायची. एक नेसूची साडी नाकाला लावून तिनं "जुनाट" म्हणून खाली टाकली, आणि दुसरी नाकाला लावून पिशवीत टाकली.

लिंबांच्या त्या दिवशी दादानं खरी गोष्ट बाहेर काढली. वाडीचं लग्नाचं लॉन करायचं. मुंबईची माणसं येतील, स्टेज इथं, गाड्या तिथं, आणि घर पाडून त्या जागी आचाऱ्यांची शेड. हातात फीत घेऊन त्यानं मला सगळी वाडी मोजून दाखवली. फीत काकीच्या देवघरातून ताणत नेली, कारण सरळ रेष तिथून जात होती.

"आणि काकी?" मी विचारलं.

"सालवडला खोली बघितली हाय तिला. दुसऱ्या माळ्यावर. संडास आतच हाय."

काकीनं सालवड बघितलं होतं. तिथल्या खिडक्या कारखान्यांच्या वासानं उन्हाळ्यातही बंद असतात. अंगणात जाऊन तिनं तुळशीची कुंडी उचलून बघितली, जिना चढताना पेलवेल का म्हणून. ते बघितल्यावर मी जो डबा आणला होता तो तिथंच ठेवला आणि थेट पालघर गाठलं.

वकीलबाईंनी मला ओळखलं. "भज्यांकडे बघत होता त्याच ना तुम्ही?" म्हणाल्या. मी म्हटलं, "वासाकडे." त्या हसल्या आणि मग त्यांनी मला पहिल्यापासून शिकवलं. मी सांगते, ज्यांच्या नशिबी असा कोणी काका असेल त्यांनी हे लग्नाच्या आधी शिकावं, स्वयंपाकाच्याही आधी.

मी विचारलं, काकांनी साधं मृत्युपत्र का नाही केलं? काकीच्या नावावर करायचं, संपलं. बाई म्हणाल्या, मृत्युपत्रानं काकी मालकीण झाली असती, आणि मालकिणीचा अंगठा घेता येतो. आज एक बक्षीसपत्र घेऊन आला असता, उद्या दुसरा दानपत्र. काकांनी वाडी अशा जागी ठेवली, की काकीनं भोगावी पण तिच्याकडून कोणी काढून घेऊ नये. मला एकदम कळलं. फ्यूज.

मग मी म्हटलं, बँकेत काकांच्या खात्याला दादा नॉमिनी आहे, ते तरी त्याचंच ना? बाई म्हणाल्या, नॉमिनीनं बँकेतून घ्यायचं आणि ज्यांचा हक्क त्यांना द्यायचं. माझी लाभार्थ्याची शेळी इथं पुन्हा उठून उभी राहिली. मी म्हटलं, मग जगात कोणाचंच काही नाही का?

तेव्हा बाईंनी मला माझ्याच धंद्यातलं विचारलं. "तुमचे डबे कोण पोचवतं?"

"एक बिहारी आहे. सायकलवर."

"डबा त्याच्या हातात असतो. मग जेवण कोणाचं?"

मी खुर्चीवरून अर्धी उठले. माझ्या डबेवाल्यानं एकदा झाकण उघडून दोन कोळंब्या खाल्ल्या होत्या, तेव्हा मी स्टेशनपासून पार सालवडपर्यंत त्याच्या मागं झारा घेऊन धावले होते. तो सायकलवर होता आणि तरी मी पुढं पोचले. "भाभी, चखा था बस," एवढंच तो म्हणाला. आणि इथं दादा अख्खा डबा ताटात ओतून घेऊन बसला होता, वर काकीला विचारत होता, तुला कोणी जेवायला बोलावलं?

बाईंनी दस्त समोर ठेवला आणि बोट लावून दाखवलं. घरात राहण्याचा हक्क काकीचा, ती आहे तोवर. उत्पन्न तिच्यासाठी. विश्वस्तानं सांभाळायचं, कौलं शाकारायची, सारा भरायचा, हिशेब ठेवायचा. स्वतःच्या फायद्यासाठी त्यातलं पान वापरायचं नाही. आणि हिशेब बघायचा अधिकार माझाही, कारण मी लाभार्थी. हा शब्द मी त्या दिवशी पालघर स्टेशनवर एवढ्या मोठ्यानं म्हटला, की एक गाडी न थांबणारी होती ती थांबली.

रविवारी आम्ही ओटीवर बसलो. दादा, वहिनी, मी, आणि उंबऱ्याच्या आत काकी. मी दस्त वाचून दाखवला. माझा आवाजही काही कमी नाही, आमचा खानदानी आहे. दादा मध्ये मध्ये गुरगुरला. माहेरच्या जमिनीवर डोळा ठेवणाऱ्या बायकांबद्दल तो जे बोलला ते मी लिहीत नाही, कारण कागद माझा आहे. मी वाचत राहिले. पाडायचा अधिकार नाही. भाड्यानं द्यायचा नाही. काकीला हलवायचा तर मुळीच नाही. इथंपर्यंत तो लाल होता. पण सारा कोणी भरायचा, गळकी कौलं कोणी बदलायची, विहिरीची मोटर जळली तर कोणी धावायचं, हे मी वाचायला लागले, तसा त्याचा रंग उतरत गेला.

"म्हणजे राबायचं मी," तो म्हणाला, "आणि खायचं हिनं?"

"होय."

"आणि मला काय?"

"काकीनंतर निम्मं. माझ्यासारखंच."

त्यानं वहिनीकडे बघितलं. वहिनीनं काकीकडे बघितलं, म्हणजे तब्येतीकडे. डोक्यापासून पायापर्यंत, बाजारात कोंबडी बघतात तसं. काकी ठणठणीत होती. तिनं तेवढ्यात पाण्यानं भरलेली घागर एका हातानं सरकवून दाखवली, मुद्दाम की काय ठाऊक नाही.

"मग मला नको हे इश्वस्तपण," दादा म्हणाला.

त्यानं किती घाईनं सोडलं ते सांगते. मालक होता तोवर वाडीसाठी जीव द्यायला निघालेला माणूस, सांभाळायची म्हटल्यावर चप्पल घालायलाही थांबला नाही. एका पायात वहिनीची चप्पल घालून गेला. जाताना लिंबाच्या झाडाशी थांबला आणि मला वाटलं, असेल काही पोटात, काकीला हाक मारेल. त्यानं मावा थुंकला आणि गेला. मला जी शिसारी आली ती अजून उतरलेली नाही. लोभी माणूस मी समजू शकते, खानावळीत रोज बघते. पण ज्याचं सगळं प्रेम सातबाऱ्यावर चढतं आणि सातबाऱ्यावरूनच उतरतं, त्याच्या ताटात वाढायला माझा हात धजत नाही.

काकांनी तिथंही फ्यूज बसवला होता. विश्वस्तानं सोडलं तर लाभार्थ्यांनी मिळून दुसरा नेमायचा. दादानं सही केली, काकीनं अंगठा दिला, आणि दुसरं कोणीच नव्हतं म्हणून मी. पुन्हा पालघर, पुन्हा दस्त, पुन्हा भज्यांचं तेच तेल. तलाठ्याकडे फेऱ्या मारून मारून माझ्या चपलांचे तळवे एवढे झिजले, की खाली पडलेल्या नाण्यावरचा छापा-काटा मला न वाकता कळायचा.

शेवटी सातबारा हातात आला. त्यावर विश्वस्त म्हणून माझं नाव. बोईसरला उतरले तेव्हा मिठाईच्या दुकानासमोरूनच रस्ता जात होता. मी पाव किलो पेढे घेतले. काकीला गोड आवडतं, एवढंच कारण.

वाडीच्या फाटकापासूनच मी हाका मारत आत गेले. काकी चिकूच्या झाडाखाली फळं काढायची जाळीची काठी घेऊन बसली होती, काठी आडवी, वापरत नव्हती. मी तिच्या हातावर पेढा ठेवला आणि सगळं सांगितलं. घर तिचं आहे, तिथून तिला कोणी हलवणार नाही. दादाचं नाव गेलं. सालवड रद्द, दुसरा माळा रद्द. तुळशीला आता कोणी जिना चढायला लावणार नाही. डबा आणि डबेवाला, फ्यूज, सगळं झारा हलवून हलवून समजावलं, झारा नव्हता तरी. मग सातबारा उलगडून तिच्यासमोर धरला आणि माझ्या नावावर बोट ठेवलं.

तिनं कागदाकडे बघितलं. मग माझ्या बोटाकडे. पेढ्याचा अर्धा तुकडा तोंडात घातला, अर्धा पदराला बांधला.

"बरं," ती म्हणाली. "मंग आता लिंबू तोडायचं तं तुला इचारायचं."