तेल वाळेपर्यंत

मी भांडायला फोन केला होता. सकाळची कामं उरकली, वाईच्या आमच्या घराच्या पायरीवर बसले आणि आज अण्णाला चांगलं फैलावर घ्यायचं असं ठरवूनच नंबर लावला. फोन उचलला त्याच्या मुलानं, अजितनं. "आत्या, मी तुलाच लावणार होतो..." एवढं म्हणून तो थांबला. मला कळलं होतं, पण भांडणासाठी चढवलेला आवाज काही केल्या खाली येईना. "कुठाय तो? दे त्याच्याकडं," मी म्हणाले. अजित म्हणाला, "पहाटं गेले गं. झोपेतच." त्यानंतर मी काय बोलले ते मला आठवत नाही. सांगलीला जाईपर्यंत गाडीत मात्र मी सारखी मनातल्या मनात अण्णाशी वाद घालत होते, आणि आज काही आठवडे उलटले तरी तो वाद संपलेला नाही. पाय घरात ठरत नाहीत. परवा उगीचच साताऱ्याची एसटी पकडली, स्टँडवर चहा घेतला आणि परत आले.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, भूपाल. सांगलीत आमची हळदीची अडत. स्वस्थ बसणं हे त्याच्या कुंडलीतच नव्हतं. जेवताना दोनदा उठायचा, दाढी करता करता अंगणात येऊन कोण चाललंय ते बघायचा, आणि दुकानात गिऱ्हाईक भाव विचारत असताना हा मापट्यावर बोटांनी ठेका धरायचा. अशा माणसानं तरुणपणी एक दिवस पुण्याहून येताना इलेक्ट्रिक गिटार आणली. कुणा वाद्यवृंदवाल्यानं वापरून झालेली, जपानी बनावटीची, कडेनं काळसर आणि मध्यावर मधासारख्या रंगाची. आमचं घर जैन, तेही कडक. कंद नाही, मध नाही, सूर्य मावळला की जेवण नाही. अप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, त्या गिटारकडं असं पाहिलं की जणू अण्णानं ताटात अंडं आणून ठेवलंय! शेवटी तह झाला. बाहेर काय वाजवायचं ते वाजव, पण या घरात तिला वीज लागता कामा नये.

अण्णानं तो शब्द पाळला. सांगलीच्या एका वाद्यवृंदात तो वाजवायला लागला. गणपतीत विटा, कराड, पाटण अशी टेम्पोतून भ्रमंती चालायची. कार्यक्रम रात्री, आणि बाकीची मंडळी रश्श्यावर ताव मारत असताना आमचे हे गिटारवाले सूर्यास्तानंतर पाणीही न पिता उपाशीपोटी उड्या मारत वाजवायचे. "भूक लागली की हात लय पळतो," असं तो सांगायचा. लोक शिट्ट्या मारायचे, पुन्हा पुन्हा वाजवायला लावायचे, असं म्हणे. 'म्हणे' एवढ्यासाठी की मी त्यातलं काहीही पाहिलं नाही. घरातल्या मुलीनं रात्रीच्या कार्यक्रमाला जायचं, हा विषयही काढायची सोय नव्हती. घरी तो माडीवर बसून विजेशिवाय वाजवायचा. पोकळी नसलेलं लाकूड ते, त्यातून आवाज निघणार तो किती? टाचणीनं पत्रा खरवडल्याएवढा. मी गिटारच्या कडेला कान टेकवून बसायची. त्यानं मान हलवली की समजायचं, इथं गाणं रंगात आलंय. माझ्या भावाची गिटार मी तिच्या खऱ्या आवाजात एकदाही ऐकली नाही, आणि हे दुःख लग्न होऊन वाईला आल्यावरही माझ्याबरोबरच आलं.

पुढं अप्पांना अर्धांगाचा झटका आला आणि दुकान अण्णावर पडलं. वाद्यवृंद सुटला, गिटार माळ्यावर गेली. वर्षं गेली, अप्पाही गेले, अजित हाताशी आला, आणि मग अण्णाच्या फुफ्फुसांनी तक्रार सुरू केली. हळदीच्या धुळीत पाऊलही टाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. घरी बसवलेला अण्णा म्हणजे घरच्यांना शिक्षाच होती. वैनी मला फोनवर म्हणायची, "ताई, चार दिस घेऊन जावा ओ ह्यास्नी तिकडं!" अशातच एके दिवशी त्यानं माळ्यावरनं गिटार काढायला लावली. तिची दशा बघवत नव्हती. वरच्या कडेला, जिथं त्याचा हात घासायचा तिथं, रंग जाऊन लाकूड उघडं पडलेलं. बटणं गायब, लोखंड गंजलेलं आणि प्रत्येक फटीत पिवळी हळद. वाद्यवृंदात असताना कुणीतरी गॅरेजमध्ये तिच्यावर टेम्पोचा चमचमता लाल रंग मारला होता, त्याचेही पोपडे सुटलेले. "हिला पयल्यासारखी करतो," अण्णा म्हणाला. "तू ये. घरात वीज लावून वाजवतो. आता अप्पा न्हाईत कोण म्हनायला." मला त्या फोनवरच रडू आलं.

मग सुरू झालं काम. आतल्या वायरींचं, विजेचं सगळं त्यानं ओळखीच्या रेडिओवाल्याकडून करून घेतलं, लहानसा स्पीकर विकत आणला. रंग मात्र स्वतः उतरवला. नाकाला फडकं बांधून, पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, रोज थोडं थोडं. लाल गेला, खालचा काळा गेला, आणि छान रेषांचं फिकट लाकूड वर आलं. आता नुसती झिलई द्यायची बाकी होती. फर्निचरवाल्याचं पॉलिश त्यानं फळीच्या तुकड्यावर लावून पाहिलं. त्या वासानं दम लागला, आणि शिवाय "पलास्टिकच्या बादलीवानी दिसतंय" म्हणून नापास केलं. मग तो गेला मिरजेला, सतारी करणाऱ्या एका कारागिराकडं. त्यानं लाखेचं पॉलिश केलेला भोपळा दाखवला. नेमका तोच मधाळ रंग. मध कधी जिभेला न लावलेल्या माणसाला मधाळ रंगाचा केवढा सोस! आठवड्यात करून देतो, असा शब्दही मिळाला. आणि तिथं या गृहस्थानं विचारलं, लाख कशाची असते? किड्यांची, असं उत्तर मिळालं. फांदीवर किड्यांची पुटंच्या पुटं, ती खरवडायची, त्यात किडे मरायचेच. अण्णा गिटार उचलून परत आला.

मी भडकले. "जन्मभर हळदीच्या नमुन्यांच्या पिशव्यांना लाखेचं सील लावलंस, तेव्हा किडे कुठं गेले होते?"

"त्ये पोटासाठी हुतं, शोभे," तो म्हणाला. मधे दम खायला थांबला. "ही माजी हौस हाय. हौसेसाठी कुनाला कशाला मारायचं?"

याच्यावर काय बोलणार? मी बोललेच. तुझ्यात धर्मही आहे आणि नखरेही, असं म्हणाले. तो खदखदून हसला, मग बराच वेळ खोकला.

शेवटी त्यानं जवसाचं तेल निवडलं. फडक्यानं पातळ हात द्यायचा, पुसून घ्यायचा आणि वाळू द्यायचा. ऐकायला सोपं. पण ते तेल वाळायला दिवसच्या दिवस घेतं, आणि असे हात द्यायचे कितीतरी. त्यात त्यानं सुरुवात केली पावसाळ्याच्या तोंडावर. कृष्णेला पाणी चढलेलं, भिंतींना ओल आलेली, तेल काही वाळेना. चिकटच. आणि ज्या माणसाला चहा निवेपर्यंत धीर नसायचा तो खुर्चीत बसून ते तेल वाळायची वाट बघत होता! इतकं शांत मी त्याला आयुष्यात पाहिलं नव्हतं. सगळी तगमग माझ्याकडं आली होती. मी दर दोन दिवसांनी फोन करायची, "वाळलं का?" तो म्हणायचा, "आज जरा कमी चिकटतंय." जसं काही बाळाचा ताप उतरतोय.

शेवटचं भेटायला गेले तेव्हा त्याच्या खोलीत दोन पलंग होते. एकावर तो, नाकात प्राणवायूची नळी घालून. दुसऱ्या पलंगाला मच्छरदाणी लावलेली, चारी कडा गादीखाली खोचलेल्या, आणि आत गिटार झोपवलेली. घरातली मच्छरदाणी एकच. ओल्या तेलावर चिलटं बसतात, चिकटतात आणि मरतात, म्हणून ती तिला. स्वतः हा दंडावरचे डास फुंकरीनं उडवत पडलेला. फुंकर मारायलाही त्याच्यात जोर नव्हता. मला हसावं का कपाळ बडवून घ्यावं ते कळेना. मी म्हणाले, "अण्णा, पुरे. तारा चढव आणि आज वाजव. असू दे चिकट."

"बोटं उमटतील की गं," तो म्हणाला. "वाळंल. कुटं पळून चाललीय ती?"

पळून कोण चाललं होतं ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. परत आले आणि घरात येरझाऱ्या घालत राहिले. मला ती गिटार ऐकायची होती, त्याच्या हातानं, आणि त्यासाठी दोनपाच किडे मेले असते तर मला चाललं असतं. आजही चालेल. हे लिहिताना मला लाज वाटत नाही. त्या सकाळी मी हेच सांगायला फोन लावला होता, की मी पॉलिशवाल्याला घेऊन येतेय, तू बघत बस.

गेल्या आठवड्यात पुन्हा सांगलीला गेले. पाऊस संपलाय, ऊन चांगलं कडक पडतंय. अण्णाचा पलंग काढून टाकलाय. दुसरा तसाच आहे, मच्छरदाणीसकट. अजित म्हणाला, पुण्यात एकजण जुन्या गिटारी नव्यासारख्या करून देतो, त्याच्याकडं नेऊ का. तो दुकानात गेल्यावर वैनी मला म्हणाली, "ताई, तुमी लावून बगा हात. मला धीर हुईना."

मी मच्छरदाणीत हात घातला. खिडकीतून आलेल्या उन्हात लाकूड दिसत होतं, कडेपासून मध्यापर्यंत एकसारखं, मधाच्या रंगाचं. त्याला पाहिजे होता तोच रंग. एकही चिलट कुठं नव्हतं. मी बोट टेकवलं, मग पूर्ण तळवा टेकवला आणि दाबून धरला. उचलला तेव्हा लाकडावर काही उमटलं नव्हतं.

"वाळलं," मी म्हणाले.

वैनी पलंगाच्या कडेवर बसली. उशीपाशी नव्या तारांचं पाकीट होतं, न फोडलेलं. वाळल्यावर तारा चढवायच्या, एवढं आम्हाला दोघींनाही माहीत होतं. त्या कशा चढवायच्या ते त्यालाच येत होतं. मी पाकीट हातात घेतलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं रडले, अगदी त्याला शिव्या देत देत रडले. वैनीनं मला रडू दिलं. मग पदरानं डोळे पुसून उठली आणि तिच्या बाजूची मच्छरदाणी गादीखाली सारायला लागली.

"तिकडली कड नीट खोचा, ताई," ती म्हणाली. "चिलटं लय झाल्यात."

वाळलेल्या तेलाला आता काही चिकटणार नव्हतं. तिलाही ते ठाऊक होतं. मी माझ्या बाजूची कड खोचली.