खोट्यांच्या डब्यातलं नाणं

मागच्या रविवारपर्यंत हे मी कुणाजवळ बोललो नव्हतो. बायकोजवळही नाही — आणि तिच्यापासून माझं काही लपत नाही, असा तिचा दावा आहे. तुम्हाला का सांगतोय? कदाचित ते नाणं तुम्हीही माझ्या हातून घेऊन पाहिलं असेल, आणि मी सांगितलं म्हणून मान डोलावली असेल.

बर्डीवर रविवारी सकाळी आमचं नाणी जमवणाऱ्यांचं मंडळ भरतं. माझा विषय चुकीची नाणी — म्हणजे टांकसाळीत छापतानाच बिघडलेली. कुणाचा ठसा सरकलेला, कुणाची कड कापलेली. धडधाकट नाण्याला कुणी विचारत नाही, बिघडलेलं मात्र भाव खातं. म्हणून लोक घरी बसून नाणी बिघडवतात, आणि म्हणून माझ्यासारख्याची गरज पडते. आमची रीत अशी, की नाणं हिरव्या कापडावर ठेवून हातोहात फिरवायचं. सगळ्यांनी बघायचं, कुणी बोलायचं नाही. शेवटी ते शेवटच्या खुर्चीवर, माझ्यापाशी येतं. मी खरं म्हटलं की खरं, खोटं म्हटलं की खोटं. मग सगळे तर्री-पोहे खायला मोकळे.

या कामातली एक गोम मला फार लवकर कळली होती. खोट्याला खरं म्हटलं, तर माणूस कधी ना कधी तोंडघशी पडतो. खऱ्याला खोटं म्हटलं तर? काहीच होत नाही. नाणेवाला तोंड पाडून घरी जातो, आणि परीक्षक मोठा कडक म्हणून आपलंच नाव होतं. मी कडक म्हणून प्रसिद्ध होतो — कळलं ना, काय म्हणतोय ते?

ही गोष्ट बऱ्याच वर्षांपूर्वीची; त्या दिवसांत माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. भिंगातून पाहिलं तरी सगळं दुधाळ. एक शब्द बोललो नाही. अंगठा फिरवायचा, टेबलावर वाजवून बघायचं, उगाच कपाळाला आठ्या घालायच्या... आणि बाकीच्यांच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधायचा. ऑपरेशन करून घ्यायला काय हरकत होती? काही नाही. पण चार लोकांत पट्टी बांधून बसलो असतो, तर शेवटची खुर्ची दुसऱ्या कुणाला मिळाली असती. मला ती खुर्ची हवी होती. बस्स, एवढंच.

अशा एका रविवारी वंदना आली. हातात दवाखान्यात न्यायचा जेवणाचा डबा. तिचे वडील खापरखेड्याच्या पॉवर हाउसमध्ये फिटर होते. हृदयाचं दुखणं झालं म्हणून त्यांना धंतोलीच्या दवाखान्यात भरती केलं होतं. तिनं रुमालातून एक रुपयाचं नाणं काढलं. त्याच्या एका बाजूला सिंह होते, आणि दुसऱ्या बाजूला आकड्याऐवजी तेच सिंह — उलटे, आरशातल्यासारखे, आत खोल गेलेले. याला आम्ही लखी म्हणतो. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहतं, आणि पुढच्या चकतीवर त्याचाच छाप बसतो.

"बाबाले हे पगाराच्या चिल्लरमंदी भेटलं होतं, काकाजी," ती म्हणाली. "लोक म्हणतात, यानंच ठोकून बनवलं असन. तुमी एकदा पाहून सांगा. दवाखान्यात जाऊन त्यायले सांगतो."

नाणं फिरत माझ्याकडे आलं. मी भिंग लावलं. दिसलं काय? एक पांढुरका ठिपका.

आणि माझ्या डोक्यात एकच शब्द होता — फिटर. व्हाइसच्या, म्हणजे लोखंडी शिकंज्याच्या, जबड्यात दोन नाणी समोरासमोर धरून आवळली, की असंच उलटं चित्र उमटतं. फिटरकडे व्हाइस असणारच. मी भिंग खाली ठेवलं आणि छातीठोकपणे सांगितलं, की हे व्हाइसचं काम आहे.

"म्हंजे बाबानंच केलं?"

मी मान हलवली. हो, अशी. आजारी बापासाठी आलेल्या पोरीसमोर, न पाहता.

ती रडली नाही. "राहू द्या मंग तुमच्यापाशीच," म्हणाली, आणि डबा उचलून गेली. मी नाणं खोट्यांच्या डब्यात टाकलं. या डब्यातली नाणी दाखवून मी नवीन पोरांना लबाडी कशी ओळखायची ते शिकवतो. हे नाणंही मी तसंच दाखवत राहिलो.

शेवटी बायकोनं धरून नेलं आणि ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर मी घरी येऊन पहिला तो डबा उघडला. व्हाइसमध्ये आवळलेल्या नाण्यावर जुना आकडा कुठेतरी पुसट राहतोच, आणि दुसऱ्या बाजूचे सिंह चेपतात. इथे आकड्याचा मागमूस नव्हता. सिंहांची आयाळ केसन् केस उठलेली. नाणं खरं होतं. इतकं देखणं लखी मी जन्मात पाहिलं नव्हतं.

मग मी काय केलं? डबा बंद केला. त्यानंतर ते नाणं कुणाला दाखवलं नाही, आणि वर्षानुवर्षं मूग गिळून बसलो. ऑपरेशनच्या आधीचं एक वेळ सोडा, हे तर दिसत असताना केलं.

मागच्या रविवारी मंडळात गेलो नाही. खापरखेड्याला गेलो, कॉलनीत विचारत विचारत घर काढलं. दार वंदनानंच उघडलं. मी उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं — डोळ्यांचं, डब्याचं, गप्प बसल्याचं. ती खाली पायरीवर बसली.

"मी बाबाले सांगतलं, का तुमी खरं म्हटलं," ती हळू आवाजात म्हणाली. "पोट्ट्यायले शिकवाले ठेवून घेतलं म्हणून. अन् मनात मी त्यायलेच खोटं समजून राहिली होती, काकाजी. रोज."

तेवढ्यात आतून काठी वाजली. म्हातारा ठणठणीत होता. माझं नाव कळल्यावर त्यांचा चेहरा जो फुलला, तो माझ्याच्यानं पाहवेना.

"माह्यं नाणं किती पोट्ट्यायनं पाह्यलं, साहेब?"

मी खिशातून नाणं काढून त्यांच्या हातात दिलं. पुष्कळांनी, मी म्हणालो. पण खोटं म्हणून. मीच तसं सांगत होतो.

ते बराच वेळ नाण्यावरून अंगठा फिरवत राहिले. मग वंदनाकडे पाहिलं. ती रडत होती — आणि त्यांना काय समजायचं ते समजलं असावं, कारण त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मंग आता त्या सगळ्यायले पुन्हा दाखवा लागन," ते म्हणाले. "मी येतो ना. मले घेऊन चाल वं, वंदना."

येत्या रविवारी ते दोघं बर्डीवर येणार आहेत. हिरवं कापड मी धुऊन ठेवलंय. नाणं सगळ्यांच्या हातून फिरेल, आणि शेवटच्या खुर्चीवर वंदनाचे बाबा बसतील. त्याआधी मी उभा राहून सांगेन, की त्या दिवशी मला दिसत नव्हतं, आणि दिसलं असं मी म्हणालो.