झोळ्यांची शाळा

माझा धाकटा भाऊ खारघरला सातव्या मजल्यावर राहतो. खोलीत एसी, अंगाखाली जाड गादी, आणि तरी सकाळी फोन करून मला सांगतो, "ताई, रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही." मला त्याची अजिबात कीव येत नाही. हा माणूस तान्हा असल्यापासून झोपेच्या बाबतीत नाठाळ आहे, आणि त्याच्या झोपेपायी माझी चौथीची परीक्षा बुडता बुडता राहिली. ती गोष्ट आठवली की मला अजून आधी त्याचा राग येतो आणि मग हसू येतं.

आमचं गाव खाडीकाठचं, उलव्याच्या अलीकडे. आज कुणी शोधायला गेलं तर इमारतींच्या मधे देऊळ तेवढं सापडेल. तेव्हा गावाच्या एका अंगाला भातशेती होती आणि दुसऱ्या अंगाला मिठागर. पावसाळ्यात सगळं गाव शेतात, दिवाळी झाली की सगळं गाव मिठागरावर. वडील मीठ नेणाऱ्या गलबतावर कामाला होते, ते घरी कमीच असत. आई मिठाच्या टोपल्या वाहायची. भाऊ श्रावणात झाला. दिवाळीनंतर आई कामावर निघाली आणि निघताना तिने त्याला माझ्या कडेवर दिलं. माझी चौथी तिथेच थांबली.

"शाळा सोड" असं मला कुणी म्हटलं नाही. म्हणायची गरजच नव्हती. गावात घरोघरी एक थोरली मुलगी होती आणि तिच्या कडेवर एक मूल होतं. आम्ही साऱ्या जणी एका बाजूला कलून चालायचो. मी भावाला घेऊन शाळेच्या खिडकीशी उभी राहायचे आणि बाहेरूनच पाढे म्हणायचे. गुरुजी भले होते, ते काही बोलत नसत. पण सत्ताविसाच्या पाढ्यापर्यंत आलं की हा गळा काढायचा, आणि आतली मुलं फिदीफिदी हसायची. मग मला घरी परतावं लागे. सत्ताविसाचा पाढा मला आजही धड येत नाही, आणि त्याचं खापर मी त्याच्याच माथी फोडते.

संक्रांतीच्या सुमाराला गावात बाई आल्या. सरकारने बायकांसाठी केंद्र काढलं होतं आणि ते चालवायला त्यांना पाठवलं होतं. साताऱ्याकडच्या, वयाने लहान, पदर नीट पिन लावून बसवलेला. देवळामागची भाताची वखार त्यांना मिळाली. तीत एक शिवणयंत्र आलं, दुधाच्या भुकटीचे डबे आले, औषधांची पेटी आली आणि पोपट रंगवलेले दोन लाकडी पाळणे आले. गाव या सगळ्याला मिळून 'बायांचा मंडल' म्हणू लागलं.

पहिल्या बैठकीत बाईंनी विचारलं, "तुम्हाला आधी काय शिकायला आवडेल? शिवण की लिहिणं-वाचणं?"

माझी आई मागे बसली होती, ती तिथूनच म्हणाली, "शिवान मागशी शिकू, बाई. आदी आमची पोरां कोन बगल ते सांगा."

बाईंनी शिवणयंत्रावर कापड टाकलं ते दोन महिने काढलं नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मुलं सांभाळायला घेतली. पाळण्यांत मात्र एकही मूल राहीना. आमची मुलं झोळीत वाढलेली, आईचं जुनं लुगडं फाडून केलेल्या झोळीत. त्यांना त्या कठड्यात घातलं की बाजारात टोपलीत बसवल्यासारखी ती ओरडायची. शेवटी एका पाळण्यात देवळाच्या पुजाऱ्याची कोंबडी अंडी घालू लागली. दुसऱ्यात बाईंनी सरपण ठेवलं. आणि वखारीच्या आड्याला ओळीने झोळ्या बांधल्या गेल्या, ज्याची त्याची आपापल्या घरची.

एवढ्या झोळ्यांना झोका कोण देणार? गावात एक म्हातारी होती, गुडघ्यांनी अधू झालेली, पण हात आणि तोंड शाबूत. तिने सुचवलं की सगळ्या झोळ्यांतून एकच दोर ओवायचा आणि त्याचं टोक तिच्या हातात द्यायचं. ती भिंतीला टेकून बसायची, दोर ओढायची, आणि सगळी ओळ एकदम हलायची. वरची लाकडं करकर वाजायची. दुपारी आया बांधावरून येऊन पाजून जात. त्या वखारीला लोकांनी नाव ठेवलं, झोल्यांची शाला.

पहिल्या दिवशी मी पाटी घेऊन शाळेला निघाले तेव्हा माझी कड रिकामी होती, आणि चालताना माझा तोल जात होता. मला इतका आनंद झाला होता की मी उगाच देवळाला दोन फेऱ्या मारल्या. गुरुजींनी मला खिडकीतून आत घेतलं असं मी म्हणायचे, खरं तर मी दारानेच गेले.

आईने तेवढ्यात आपला हिशेब सांगून टाकला होता. आमच्या गावात शाळा चौथीपर्यंत. "पास झालीस तं पुढं खाडीपल्याड शालेत धारीन," ती म्हणाली. "नाय झालीस तं येत्या दिवालीला टोपली घे." ती धमकी नव्हती. तिच्या डोक्यावरची चुंबळ मी रोज बघत होते, आणि तिच्या टाळूवरचे विरळ झालेले केसही.

उन्हं तापू लागली तशी काही मुलांच्या अंगावर खरूज उठली. बाईंनी औषध लावलं आणि झोळ्या धुवायच्या ठरवल्या. परीक्षेच्या दोन दिवस आधी त्यांनी मोठा हंडा चुलीवर चढवला, सोडा टाकला आणि सगळ्या झोळ्या उकळून काढल्या. साबण लावून आपटल्या, निळीच्या पाण्यातून काढल्या आणि बांधावर वाळत घातल्या. संध्याकाळी आया परतल्या तर झोळ्या बगळ्यासारख्या पांढऱ्या. त्या कौतुकाने हात फिरवून बघत होत्या. आई म्हणाली, "माजं लुगरं नवीन असताना पन असं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांना त्या झोळ्यांत घातलं आणि वखारीत एकच कल्लोळ उठला. झोपायला कुणी तयार नाही. म्हातारीने दोर ओढून ओढून हात भरून घेतले. बाई एकेकाला खांद्यावर घेऊन फिरत होत्या, कपाळावर घाम, केस सुटलेले. आमचा दिवटा या सगळ्यांत पुढे. त्याचं रडणं मला वर्गात ओळखू येत होतं. दुपारी आया पाजायला आल्या त्या मुलांना घेऊनच गेल्या. मुकादम बांधावरून ओरडत होता, पण त्याचं ऐकायला कुणी थांबलं नाही. मला वर्गातून बोलावणं आलं आणि भाऊ पुन्हा माझ्या कडेवर बसला. दुसऱ्या दिवशी परीक्षा होती. दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, स्वतः येणार होते.

संध्याकाळी आई म्हणाली, "उद्या तुला जाता येनार नाय. हा मंडलात रेत नाय, आनि माजा खाडा झाला तं मुकादम दुसरी बाई घेल."

मी पाटी आपटली. तिचा कोपरा उडाला. एरवी आईने पाठीत धपाटा घातला असता, पण तिने तो तुकडा उचलून नुसता कोनाड्यात ठेवला. ते बघून मला जास्तच रडू आलं.

आईकडे रोजचं नेसायचं लुगडं एकच होतं. जोडीतलं दुसरं भाऊ झाला तेव्हा फाटलं, अर्ध्याची झोळी झाली आणि अर्ध्याची त्याची दुपटी. त्यामुळे संध्याकाळी परसात जाऊन ती अंगावरचं सोडायची, जुनेर गुंडाळायची, लुगडं धुऊन वाळत घालायची आणि सकाळी तेच नेसायची. त्या दिवशीही तिने ते सोडून धुण्याच्या दगडाशी टाकलं आणि पाणी आणायला विहिरीवर गेली. भाऊ तिथेच परसात रांगत होता, रडून रडून उचकी लागलेली. रांगत रांगत तो दगडाशी गेला, लुगड्याचा बोळा ओढला, त्यात तोंड खुपसलं आणि गप्प झाला.

इतका गप्प की मी घाबरले. धावत जाऊन पाहिलं तर स्वारी झोपली होती. त्या लुगड्याला मीठ, चिखल, घाम आणि दूध या सगळ्याचा मिळून एक वास होता. तो माझ्याही नाकात गेला आणि मला एकदम कळलं.

आई कळशी घेऊन आली. मी तोंडावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "आये, बग. बाईंनी झोलीतली आय धुवून टाकली."

आईने कळशी खाली ठेवली. मग तिने हळूच लुगडं ओढून बघितलं, तर तो किंचाळून उठला. चुंबळीचं फडकं दिलं, ते त्याने फेकलं. त्याला सगळी आई हवी होती, तुकडा चालत नव्हता. आईने लुगडं त्याच्याभोवती गुंडाळलं आणि त्या संध्याकाळी ते धुतलंच नाही.

सकाळी मी उठले तर आई ट्रंकेपुढे बसली होती. ट्रंकेत तिचं लग्नातलं हिरवं लुगडं होतं, लाल काठाचं. वर्षातून एकदा जत्रेला ते बाहेर निघायचं आणि नीट घडी घालून परत जायचं. तिने ते उलगडलं, झटकलं, कासोटा घट्ट मारला, गुडघ्यापर्यंत वर खोचलं आणि डोक्यावर चुंबळ ठेवली. मला म्हणाली, "बगत काय बसलीस? पाटी घे."

आम्ही वखारीत गेलो. आईने धुतलेली झोळी सोडली आणि तिथे आपलं रोजचं, मळकं लुगडं बांधलं. भाऊ आत गेला आणि अंगठा तोंडात घालून डोळे मिटून पडला. बाई आईच्या हिरव्या लुगड्याकडे बघत होत्या, मग झोळीकडे, मग परत लुगड्याकडे. म्हातारीने विचारलं, "आज वरात कुटं गं?"

"मिटागरावर," आई म्हणाली आणि चालू लागली.

शाळेच्या खिडकीपासून वखार जवळच होती. त्या दिवशी बऱ्याचशा झोळ्या रिकाम्याच होत्या, पण लाकडांची करकर येत होती. दिपोटींनी धडा वाचायला लावला, गणितं घातली. मी एक कान बाहेर ठेवून सगळं केलं. बाहेर कुणी रडलं नाही. सत्ताविसाचा पाढा त्यांनी दुसऱ्याला विचारला, देव भला.

सुटल्यावर मी बांधाकडे पळत गेले. सगळीकडे मिठाच्या पांढऱ्या राशी, आणि त्यांच्यामधून टोपली घेऊन चाललेली एकच हिरवीगार बाई. बायका तिला छेडत होत्या, "कोनाचं लगीन गं आज?" आणि ती मान न वळवता मोठ्याने सांगत होती, "लगीन नाय. माजे पोरीची परीक्षा हाय." सकाळपासून प्रत्येक खेपेला ती तेच सांगत होती म्हणे. मला लाज वाटली नाही. मी तिच्या मागून टोपलीला हात लावून चालत राहिले, आणि मला वाटलं, अशी कुणाचीच आई कधी दिसली नसेल.

त्या संध्याकाळी बाईंनी बायकांना बोलावलं आणि झाला प्रकार समजून घेऊन त्या इतक्या हसल्या की त्यांच्या पदराची पिन निघाली. मग त्यांनी आपल्या खोलीतून एक गोधडी आणून दाखवली. "माझ्या आईची आहे," त्या म्हणाल्या. "इथे आल्यापासून मी ती धुतली नाही. कुणाला सांगू नका." दुसऱ्या दिवसापासून केंद्रात नियम झाला. झोळी धुवायची, उकळायची, पण मग आईने ती एक रात्र अंगाखाली घेऊन झोपायचं आणि सकाळी बांधायची. खरूजही गेली आणि रडणंही. पुढे मी शिकून त्याच केंद्रात कामाला लागले तेव्हा आयांना पहिल्या दिवशी हेच सांगायचे.

मी पास झाले. आईने हिरवं लुगडं तीन पाण्यांतून काढलं, पण मिठाने पदराचा रंग गेला तो गेलाच, जागोजागी पांढुरके चट्टे राहिले. माझ्या लग्नात तिने तेच नेसलं. वडिलांनी नवं आणलं होतं, ते तिने ट्रंकेत ठेवलं. मांडवात सासरकडची एक बाई पुढे आली, पदर बोटांत धरून म्हणाली की विहीणबाई, याला डाग आहेत, नवीन नाही का नेसायचं?

आईने पदर तिच्या बोटांतून सोडवून घेतला आणि छातीवर सारखा केला.

"र्‍हाऊ द्या," ती म्हणाली. "माजं लुगरं चवथी पास हाय."