कोरड्या परातीतल्या भाकरी

ती मालिका संपून चार वर्षं होऊन गेली, पण आमच्या गल्लीत ती अजून संपलेली नाही. बारसं असो, हळद असो, नाहीतर कुणाच्या ओट्यावर मेथी निवडणं असो, चार बाया एकत्र बसल्या की थोड्याच वेळात गाडी तिथे येते. मग कुणीतरी विचारतं की तुला सगळ्यात जास्त भीती कधी वाटली होती, आणि पुढचा तासभर माझं डोकं उठतं.

मी अक्कलकुव्याला शाळेत शिकवते. आई, भाऊ आणि वहिनी गावी असतात, प्रकाशा गावाच्या अलीकडे, तापीकाठी. सुट्टी मिळाली की मी एसटीने माहेरी येते, दोन दिवस शांत पडून राहावं म्हणून. गेल्या उन्हाळ्यात आले तर गच्चीवर बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, घाट घातलेला. ज्वारीचं शिजवलेलं पीठ, त्यात तीळ, लसूण, मिरची, आणि ओल्या फडक्यावर पाण्याच्या हाताने गोल गोल थापायचं. उन्हं वर यायच्या आत सगळं व्हायला हवं, म्हणून शेजारच्या काकू सकाळी सहालाच हजर. आई खुर्चीवर बसून सूचना देत होती. मी दुसरीच बिबडी थापत होते तोवर काकूंनी विषय काढलाच.

ज्यांनी ती मालिका पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. घाटातला एक दगडी बंगला, बाराही महिने धुकं. त्या घरातली थोरली सून वारलेली, पण गेलेली नाही. धाकटी सून लग्न होऊन येते आणि तिला एकेक गोष्ट दिसायला लागते. बाकी घरातल्या लोकांना काहीच दिसत नाही. मला पहिल्या आठवड्यापासून त्या धाकट्या सुनेचा राग यायचा. एवढं सगळं दिसतंय तर बाई, माहेरी जा ना. पण ती जात नाही. कंदील घेऊन जिने चढत राहते.

वहिनीचं म्हणणं, सगळ्यात भयंकर म्हणजे दोरीवरची साडी. थोरलीची हिरवी साडी कुणीही धुतलेली नसताना रोज सकाळी दोरीवर वाळत असते, आणि ऐन मे महिन्यातसुद्धा तिच्यातून पाणी ठिबकत असतं. ते पाहिल्यापासून वहिनी कितीतरी दिवस संध्याकाळच्या आत कपडे काढून आणायची. काकूंना आजोबांचा प्रसंग आठवतो. अंथरुणाला खिळलेले, वाचा गेलेले आजोबा वर्षभर एक शब्द बोलत नाहीत, आणि नातीच्या साखरपुड्यात, सगळे पंगतीला बसलेले असताना, स्वच्छ आवाजात विचारतात, "ती जेवली का?" काकू हे सांगताना दर वेळी आजोबांचा आवाज काढतात. तो चांगला जमतो, हे मला मान्य करावं लागेल.

पण शेवटी त्या दोघींचं एका गोष्टीवर एकमत होतं, आणि तिथेच माझा संताप सुरू होतो. त्या म्हणतात, काही म्हणा, भाकरीच्या प्रसंगाची सर कशालाच नाही.

प्रसंग असा. भरदुपारी धाकटी सून झोपेतून उठते. स्वयंपाकघरातून थप थप आवाज येतोय. ती दारात जाऊन बघते तर थोरली पाठमोरी बसलेली, भाकरी थापतेय. चूल थंड. परातीत पीठ नाही, कोरडी ठणठणीत परात. नुसते हात चाललेत. आणि ती मागे न बघता म्हणते, "बस. तुझीच टाकतेय."

हा प्रसंग त्या मालिकेत नाही. कधीच नव्हता. तो मी रचला आहे.

त्याचं असं झालं. मालिका ऐन रंगात होती तेव्हा आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दिवाळीच्या आधीचे दिवस होते. भाऊ आणि वहिनी दोघंही कापसाच्या वेचणीत अडकलेले, म्हणून मी आठ दिवसांची रजा टाकून गावी आले. येताना सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा बरोबर आणला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की दर दोन तासांनी थेंब टाका, खाली वाकू देऊ नका, डोक्यावरून पाणी नको, काळा चष्मा काढायचा नाही, आणि आठ दिवस टीव्ही बंद. बाकी सगळं आईने निमूट ऐकलं. टीव्हीचं ऐकल्यावर तिचा चेहरा पडला.

घरी पोचताच तिने तोड काढली. डॉक्टरांनी बघायला मना केलंय, ऐकायला नाही. मालिका लावायची, ती काळा चष्मा लावून खाटेवर बसणार आणि नुसतं ऐकणार. मी बघायचं आणि जिथे कुणी बोलत नसेल तिथे काय चाललंय ते सांगायचं. मी म्हटलं की मला पेपर तपासायचेत. ती म्हणाली, तपास ना, कोण नाही म्हणतंय.

त्या आठवड्यात संध्याकाळची वीज रोज सात ते नऊ जात होती, म्हणजे नेमकी मालिकेच्या वेळेला. म्हणून आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी एकचा पुन्हा दाखवलेला भाग लावायचो. आता, ज्यांनी अशी मालिका कधी दुसऱ्याला सांगितली नसेल त्यांना कळणार नाही की तिच्यात न बोलता किती वेळ जातो. नुसतं संगीत. नुसतं धुकं. एक जिना, मग तोच जिना वरून. आणि दर वेळी खाटेवरून प्रश्न, "आते काय व्हयनं?" जिना चढतेय. "मंग?" अजून चढतेय. इकडे माझ्या हातात सातवीचा इतिहासाचा पेपर. घरी पावरी नाहीतर भिली बोलणारी माझी मुलं, पुस्तकातल्या मराठीशी झटून त्यांनी लिहिलेली उत्तरं. ती नीट वाचायला लागतात, घाईने लाल रेघ मारून चालत नाही. एक उत्तर मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा मध्येच जिना आला.

चौथ्या की पाचव्या दिवशी माझा पेपरांचा निम्मा गठ्ठाही झालेला नव्हता. टीव्हीतून थप थप असा आवाज येत होता. आईने विचारलं, "काय वाजी ऱ्हायनं?" माझं लक्ष नव्हतं. मी मान वर केली तेव्हा पडद्यावर जाहिरात लागली होती. बघितलं नाही असं सांगितलं असतं तर तिने मला जाहिरात संपेपर्यंत सोडलं नसतं, म्हणून तोंडाला येईल ते सांगितलं. थोरली भाकरी थापतेय. आई म्हणाली की ती तर मेलेली आहे. मी म्हटलं, मेलेलीच थापतेय. कशाचं पीठ, असं तिने विचारलं. पीठ नाही, कोरडीच परात आहे. मग धाकटी काय करतेय? दारात उभी आहे. थोरली काही बोलली का? तिथे मला खरंच राग आला होता. मला वाटलं काहीतरी असं सांगावं की ही गप्पच बसेल. म्हणून ते वाक्य सांगितलं.

आणि ती गप्प बसली. मला तेवढंच हवं होतं. मी सहा पेपर तपासले.

संध्याकाळी वीज गेली आणि वेचणीवरून आलेल्या बाया रोजच्यासारख्या आमच्या अंगणात जमल्या. संध्याकाळी वीज नाही, दुपारी त्या सगळ्या शेतात, आणि मोबाइलवर बघावं एवढी रेंज तेव्हा आमच्या गावात नव्हती. त्यामुळे त्या आठवड्यात अख्ख्या गल्लीत मालिका फक्त आमच्या घरात चालू होती, आणि तीसुद्धा आईच्या तोंडून. काळा चष्मा लावून ती अंधारात बसायची आणि सांगायची. मी आत कुकर लावत होते. बाहेरून तिचा आवाज आला, "चूल थंडीगार. आन परातमा पीठ नही." कुणीतरी देवाचं नाव घेतलं.

मी तेव्हाच बाहेर जाऊन सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. कुकरच्या शिट्ट्या मोजत होते, आणि म्हटलं काय फरक पडतो.

फरक हा पडला की दिवाळीनंतर शाळा उघडली तर शिक्षकांच्या खोलीत माझ्या एक सहकारी बाई डबा उघडता उघडता मला तोच प्रसंग सांगायला लागल्या. त्यांची बहीण शहाद्याला असते, तिने त्यांना सांगितला होता. मी विचारलं की तुम्ही स्वतः पाहिलात का. त्या म्हणाल्या, म्हणजे काय, अंगावर काटा आला. मी त्यांना सांगून टाकलं की हे मी रचलंय, आईला गप्प करायला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी दुसऱ्याच्या मुलाला आपलं म्हणतेय. मग त्यांनी भाजीची वाटी माझ्याकडे सरकवली आणि विषय बदलला.

त्यानंतर मी हा प्रयत्न किती वेळा केला असेल ते आठवत नाही. दर वेळी तेच. कुणी हसतं, कुणाला वाटतं मी चेष्टा करतेय, कुणाला वाटतं मास्तरीण असल्यामुळे हिला शहाणपणा सुचतो.

तर त्या दिवशी गच्चीवर काकूंनी भाकरीचा विषय काढला आणि मी ठरवलं की आज हे संपवायचं. आता गावात रेंज आहे. जुने सगळे भाग मोबाइलवर मिळतात. मी हात धुतले, मोबाइल आणला, त्या आठवड्यातले भाग शोधले आणि बिबड्यांच्या फडक्याशेजारी पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. काकू आणि वहिनी थापता थापता बघत होत्या. मी जिने पुढे सरकवत गेले. शेवटी थप थप आवाज आला. धाकटी उठली, आवाजाच्या मागे गेली, आणि पडद्यावर दिसली माडीवरची एक खिडकी. वाऱ्याने तिचं दार चौकटीवर आपटत होतं. धाकटीने कडी लावली. जाहिरात.

मी म्हटलं, पाहिलंत? काकूंनी पिठाचा गोळा हातात तसाच धरून ठेवला. मग म्हणाल्या, "हाई कापी टाकेल शे." त्यांचं म्हणणं असं की चॅनलवाल्यांनी तो प्रसंग नंतर काढून टाकला. लोक घाबरले असतील, कुणी तक्रार केली असेल. वहिनीलाही ते पटलं. ती म्हणाली, नुसत्या खिडकीसाठी एवढं संगीत कोण लावेल? मी आवाज चढवून सांगितलं की त्या दिवशी तुम्ही दोघी शेतात होतात, तुम्ही पाहूच शकत नव्हता. काकूंना ते लागलं. "मी मन्हा डोयांनी दखेल शे," त्या म्हणाल्या, आणि गोळा फडक्यावर असा थापला की बिबडीला भोक पडलं.

मी आईकडे वळले. म्हटलं, तू सांग यांना. तुझा डोळा तेव्हा बंद होता, तू पाहिलं नाहीस, तुला मी सांगितलं होतं. आईने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली की ऊन तापायला लागलंय, पीठ आळेल, हात चालवा. एवढं बोलून ती खाली निघून गेली.

बिबड्या झाल्यावर मी तिच्यामागे स्वयंपाकघरात गेले. ती शेंगदाणे पाखडत होती. मी तिला विचारलं की वर तू गप्प का बसलीस, मला खोटं का पडू दिलंस. तिने सूप खाली ठेवलं.

"माले माहीत व्हतं," ती म्हणाली. "खिडकी व्हती ती."

मला क्षणभर कळेना. मग तिने सांगितलं. एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. दुसरा उघडाच होता. काळ्या चष्म्यातून धूसर दिसायचं, पण दिसायचं. आठही दिवस ती बघत होती. जिना बघत होती, धुकं बघत होती, आणि मी इतिहासाचे पेपर बाजूला ठेवून, घसा कोरडा करून तिला जिना आणि धुकं सांगत होते.

मला भयंकर राग आला. मग एकदम सगळं बाहेर पडलं. डॉक्टरांनी मना केलं होतं, डोळा गेला असता म्हणजे? आणि माझी आठ दिवसांची रजा? आणि बघायचंच होतं तर मला सांगायला का लावायचं? आणि खिडकी स्वतः पाहिली होती तर अंगणात बसून भाकरी कशाला सांगितली? तिने मला पूर्ण बोलू दिलं. मी थांबल्यावर तिने फक्त शेवटच्या प्रश्नाचं उत्तर दिलं.

"खिडकीनं काय सांगानं लोकेस्ले?" ती म्हणाली. "तुन्ही भाकरी चांगली व्हती."

बाकीच्या प्रश्नांची उत्तरं मी पुन्हा मागितली. तिने सूप उचललं आणि शेंगदाण्याची टरफलं माझ्याच दिशेने उडवली. नंतर बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न बघता, एवढं म्हणाली की तू लग्नानंतर कधी आठ दिवस सलग या घरात बसली नव्हतीस. मी अंगावरची टरफलं झटकली. चिडलेली होते, आणि चिडलेल्या माणसाला असं काही ऐकवू नये.

दुपारी काकू रुसवा विसरून ताक घेऊन आल्या. त्यांच्याबरोबर त्यांची तळोद्याची लेक होती, सकाळच्या गाडीने आलेली. आईने तिला जवळ बसवलं, चहा दिला, आणि पाचच मिनिटांत माझ्यादेखत, माझ्याकडे सरळ बघत, थोरलीची गोष्ट सुरू केली. या वेळी परातीशेजारी दोन ताटंही मांडलेली होती.