सूर धरणारे काका

करंजाड्यातल्या आमच्या सोसायटीचे वॉचमन काका गेटवर बसल्या बसल्या गाल फुगवत राहायचे. दाढ दुखत असेल, असं मला वाटायचं.

एकदा ते कुरिअर द्यायला वर आले, तेव्हा मी एका लग्नाच्या व्हिडिओसाठी कॉम्प्युटरवर सनई बसवत होतो. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड हुबेहूब जमली होती, वादकाचा श्वाससुद्धा घातला होता. काका दारातच थांबले.

"सनई झकास हाय. पन मागं सूर कोन धरतंय?"

मी एक बटण दाबलं. सनईमागे एकच सूर सुरू झाला आणि बोट उचललं तरी चालू राहिला.

काका त्या बटणाकडे बघत म्हणाले, "आमी दोघं भाऊ गव्हाणला लग्नात वाजवायचो. सनई त्याची. मी जलमभर दुसऱ्या सनईवर गाल फुगवून नुसता सूर धरला. तो दमला का मी जोर लावायचो, मंग कोनाला कलायचं नाय. दोन वर्सं झाली, गेला तो."

तेवढ्यात सनई संपली. मागचा सूर मात्र वाजतच होता.

"बंद करा सायेब," काका म्हणाले. "तो थांबल्यावर एकट्यानं धरवत नाय."

मी घाईघाईने बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर काकांचे गाल फुगलेलेच होते.