डाव्या सीटचं वजन

काटेवाल्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि विचारलं, "मिस्त्री, ह्यात ऊस कुठंय?"

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर आमची गाडी उभी होती. पुढे उसाचा ट्रॅक्टर, मागे उसाचा ट्रॅक्टर, आणि मध्ये ही दोन दारांची, दोन सीटची, कमरेएवढी बुटकी विलायती स्पोर्ट्स कार. बोनेट लाल, एक दार राखाडी, दुसरं दार अजून बसवायचं होतं. मागचा ट्रॅक्टरवाला हॉर्नवरचा हात काढायला तयार नव्हता.

"ऊस न्हाई. मोकळ्या गाडीचं वजन पाहिजे," मी म्हणालो.

"ह्यो काटा टनात बोलतो. तुमच्या धा-वीस किलोचं त्याला काय पडलेलं न्हाई."

"मला पडलंय. तुम्ही आकडा सांगा."

त्यानं आकडा सांगितला. मी खूश झालो, कारण आकडा बराच जास्त होता. आकडा जास्त म्हणजे माझा साडू चुकला.

आता नीट सांगतो. माझं शिरूरला नगर रोडवर गॅरेज. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मोबाईल कुणाकडे नव्हते, फोन करायचा तर एसटीडी बूथवर रांग लावायची. इनामगावच्या एका बागायतदाराचा मुलगा रणजित, त्याला रॅलीचं वेड. दौंडला रेल्वेच्या एका जुन्या बंगल्याच्या आवारात ही गाडी चिंचेखाली वर्षानुवर्षं पडून होती. रणजितनं ती उचलून आणली आणि माझ्या दारात टाकली. म्हणाला, "मिस्त्री, हिची रॅली कार करायची."

रॅली म्हणजे रेस नव्हे. रेसमध्ये सगळ्या गाड्या एकदम सुटतात, रस्ता गुळगुळीत असतो. रॅलीत एकेक गाडी सोडतात. रस्ता कच्चा, दगडगोटे, ओढे, उतार, आणि भांडण घड्याळाशी. गाडीत दोन माणसं. उजवीकडे ड्रायव्हर, डावीकडे नेव्हिगेटर. पुढे वळण कुठं, खड्डा कुठं, हे नेव्हिगेटरनं आधी लिहून आणायचं आणि चालत्या गाडीत मोठ्यानं सांगायचं.

मला त्या डाव्या सीटवर बसायचं होतं, हे आधीच सांगून टाकतो. पंधरा वर्षं मी गाड्यांच्या खाली झोपलो. गाडी तयार झाली की मालक बसतो, भुर्रकन जातो, आणि आम्ही चिंधीला हात पुसत उभे. आपण बांधलेली एक गाडी आपल्याला घेऊन एकदा तरी जोरात जावी, एवढंच मागणं होतं. रणजितनं पुण्याचा त्याचा एक मित्र नेव्हिगेटर ठरवला होता. पण त्या पोराची धरसोड वृत्ती मला माहीत होती. मी वाट बघत होतो.

स्पोर्ट्स कारची रॅली कार करणं म्हणजे सगळं उलटं काम. ती जमिनीला चिकटून पळायला बनवलेली, आपण तिला वर उचलायचं. पुढच्या स्प्रिंगा बदलल्या, मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगांत एक जादा पान घातलं. इंजिनच्या पोटाला दगड लागू नये म्हणून खाली जाड पत्रा ठोकला, त्याला सम्प गार्ड म्हणतात. हवा घ्यायचं तोंड वर नेलं, नाहीतर इंजिन धूळ आणि पाणी पितं. इंजिन तर मी सुटं सुटं करून पुन्हा बांधलं. व्हॉल्व्ह हातानं घासले. चालू केल्यावर ते असं गुरगुरलं की शेजारचा टपरीवाला चहा सोडून आला.

आणि रोल केज. गाडी उलटली तर टप डोक्यावर बसू नये म्हणून आतून लोखंडी पाइपांचा पिंजरा करतात. तो माझ्याच्यानं होणारा नव्हता. वेल्डिंगला पक्का हात लागतो. माझी बायको म्हणाली, "आपला सिद्धार्थ हाय की."

सिद्धार्थ म्हणजे माझा साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. आयटीआय केलेला, दौंडला रेल्वेत मालगाडीवर असिस्टंट ड्रायव्हर. क्वार्टर, पास, पगार एक तारखेला. आमची सासुरवाडी केंदूर. तिथं तो आला की सासूबाई म्हणायच्या, "साहेब आले, खुर्ची टाका." मी आलो की म्हणायच्या, "आधी हात धुवा." हात धुतलेले असले तरी.

सुट्टीच्या दिवशी तो दौंडहून यायचा. "जयभीम, साडूभाऊ," म्हणून आधी माझ्या हातात वड्यांचा पुडा द्यायचा, मग कामाला लागायचा. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. चांगल्या माणसावर जळणं फार कष्टाचं काम आहे.

त्यानं पिंजरा केला आणि माझं इंजिन मेलं. म्हणजे चालत होतं, पण लोकांच्या लेखी मेलं. जो येईल तो खिडकीतून वाकायचा. "काय वेल्डिंग हाय, जणू शिवण घातलीय." रणजितचे वडील, आबा, एकदा आले. त्यांनी पाइपावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हे काम कुणाचं? आपल्या ट्रॉल्या ह्यांच्याकडंच द्यायच्या." मी बोनेट उघडून उभा होतो. ते बोनेटला वळसा घालून गेले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

रात्री जेवताना बायको म्हणाली, "बहिणीच्या नवऱ्यावर जळता व्हय?"

"जळत न्हाई. पिंजरा जड झालाय, एवढंच म्हणतो."

"मग तोंड का आंबट झालंय?"

पिंजरा जड झालाय हे मी असंच बोलून गेलो होतो. पण मग मला ते पटलं, आणि पटलं की माणूस थांबत नाही. म्हणून आबांच्या ओळखीनं मी गाडी घेऊन कारखान्याच्या काट्यावर गेलो. आकडा घेऊन आलो आणि रणजितसमोर टाकला.

"बघा. पाइपांनी गाडी बैल झाली. एखादा पाइप काढाय लागंल."

सिद्धार्थ शांतपणे म्हणाला, "पाइप काढायचा न्हाई, साडूभाऊ. गाडी उलटल्यावर वजन कोण इचारत न्हाई."

हे खरं होतं, म्हणून मला जास्त राग आला.

"ठीक हाय. मग बाकीचं मी काढतो," मी म्हणालो.

आणि मी सुटलोच. गॅरेजच्या भिंतीवर खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलं, 'किलो कमी, वेळ कमी'. गालिचे काढले, हीटर काढला, बाजूच्या काचांच्या जागी अॅक्रिलिकचं हलकं प्लॅस्टिक घातलं. अॅशट्रे, जादा हॉर्न, दारांच्या आतला पुठ्ठा, सगळं बाहेर. समोरच्या भंगारवाल्याचा काटा होता, त्यावर एकेक वस्तू ठेवायची आणि रणजितला ओरडून सांगायचं, "अजून दोन किलो." जो गॅरेजमध्ये येईल त्याला मी वजनावर प्रवचन द्यायचो. सिद्धार्थ दिसला की जास्तच. म्हणायचो, "रेल्वेत वजनाचं काय न्हाई वाटतं. डब्याला डबा जोडला की झालं."

तो हसायचा. "व्हय, आमचं लांबीवर असतंय."

रॅली महिन्यावर आली आणि मी वाट बघत होतो ते झालं. पुण्याचा मित्र फुटला. रणजित फोन करून आला तो तोंड पाडूनच. म्हणाला, "त्याला घरचे सोडत न्हाईत. आता डाव्या सीटवर कोण?"

अशा वेळी स्वतः बोलू नये, विचारू द्यावं. चिंधीला हात पुसत राहिलो. सिद्धार्थ शेवटची वेल्डिंग घासत होता. तोच म्हणाला, "साडूभाऊंना बसवा की. गाडी त्यांच्या हातची हाय."

मला क्षणभर त्याला मिठी मारावीशी वाटली. रणजित मान हलवणार एवढ्यात त्याची नजर भिंतीवर गेली. त्यानं ते वाचलं. मग माझ्याकडे, विशेष करून माझ्या पोटाकडे बघितलं.

"मिस्त्री, तुम्हीच म्हणता ना, किलो कमी, वेळ कमी?"

"ते गाडीचं झालं."

"माणूस गाडीतच बसतोय की. चला काट्यावर, दोघंबी."

भंगारवाल्याच्या काट्यावर, जिथं मी अॅशट्रे मोजला होता, तिथं मला उभं केलं. मी सिमेंटच्या दोन पोत्यांना थोडासाच कमी भरलो. सिद्धार्थ एक पोतं आणि वर एखादी पाटी. भंगारवाला म्हणाला, "मिस्त्री, ह्ये हीटरपेक्षा जास्त भरलं." सगळे हसले. मीही हसलो, कारण न हसून कुठं जाणार?

"इंजिनचा आवाज ओळखायला जवळ मेकॅनिक पाहिजे," मी शेवटचा प्रयत्न केला.

"आवाज मलाबी ऐकू येतो. बिघडलं तर सर्व्हिसला तुम्ही हायच की," रणजित म्हणाला.

घरी मी एक भाकरी कमी केली. बायको म्हणाली, "महिन्यात त्याच्याएवढं व्हायचं तर भाकरीनं भागणार न्हाई. एक पाय काढावा लागंल." मी दुसऱ्या दिवशी भाकरी परत सुरू केली.

आता वाटलं, सिद्धार्थला नेव्हिगेटरचं काम जमणार नाही. तेवढीच आशा. पण रेल्वेची एक पद्धत आहे, ती मला माहीत नव्हती. इंजिनमध्ये सिग्नल दिसला की असिस्टंट मोठ्यानं म्हणतो, "होम सिग्नल, हिरवा." ड्रायव्हरनं तेच शब्द परत म्हणायचे. दोघांनी म्हटलं तरच सिग्नल बघितला असं धरतात. सिद्धार्थचा जन्म त्यातच गेलेला. पहिल्या सरावात तो म्हणाला, "पुढं डावीकडं वळण, खडी." रणजित काही बोलला नाही. सिद्धार्थ परत म्हणाला. मग आणखी मोठ्यानं. शेवटी रणजित वैतागून ओरडला, "डावीकडं वळण, खडी. ऐकलं."

"मग बोलत जावा. न्हाईतर मला कळायचं कसं?"

दोन दिवसांत रणजित पोपटासारखा उत्तर द्यायला लागला. आणि गाडी सरळ चालायला लागली, कारण तोंडानं म्हटलेलं वळण माणूस विसरत नाही. रणजित मला म्हणाला, "मिस्त्री, साडू भारी निघाला हं तुमचा." मी म्हणालो, "व्हय." त्या एका 'व्हय'ला मला किती त्रास झाला ते माझं मला माहीत.

त्याच दिवशी मी सीटबेल्टला हात घातला. रॅलीच्या गाडीत साधा बेल्ट नसतो. दोन पट्टे खांद्यावरून, दोन कमरेवरून, मध्ये बक्कल. पट्टा ओढून घट्ट केला की उरलेलं टोक मांडीवर लोंबत राहतं. मी सिद्धार्थला सीटवर बसवला, कमरेचे पट्टे त्याच्या मापानं आवळले आणि लोंबती टोकं कात्रीनं कापून टाकली. कापलेली कड लायटरनं भाजून घेतली, म्हणजे सुटत नाही.

"एवढ्यानं काय वजन कमी होणार?" त्यानं विचारलं.

"वजनासाठीच बसलाय ना तुम्ही हितं? मग पुरतंच कमी करू."

पहिलं आणि शेवटचं काय ते मी तेवढंच तोडून बोललो त्याला. तो बक्कल सोडून खाली उतरला. मजबूत पट्टा होता, टोकं टाकवेनात. ती मी गॅरेजच्या शटरला बांधली, ओढायला बरी पडायची.

रॅली दोन दिवसांची, माळरानावरची. मी सर्व्हिस पॉइंटला, म्हणजे टप्प्याटप्प्यावर गाडी थांबते तिथं, पाना घेऊन उभा. आमच्या गटातल्या नव्या कोऱ्या गाड्या एकेक करत बसल्या. कुणाचा सम्प फुटला, कुणाचं इंजिन धूळ प्यालं. आमची येत होती. एकदा सायलेन्सर लोंबत आली, तो मी तारेनं आवळला. सिद्धार्थ खाली उतरला, धुळीनं पांढरा झालेला, आणि त्यानं आपली पाण्याची बाटली आधी मला दिली.

"इंजिन कसंय?" मी विचारलं.

"एकदाबी चुकलं न्हाई, साडूभाऊ."

ते मला फार आवडलं. पण ते त्याच्याकडून ऐकायला लागलं, हे आवडलं नाही.

गटात आम्ही दुसरे आलो. पेपरात फोटो आला. रणजित आणि सिद्धार्थ गाडीला टेकून उभे, खाली दोघांची नावं. इंजिनही फोटोत होतं, पण बोनेट बंद होतं. सासूबाईंनी तो फोटो केंदूरला दाराशेजारी लावला. चप्पल काढताना बरोबर नजरेसमोर येतो.

पुढच्या आठवड्यात रणजितनं इनामगावला बोलावलं. घोडनदीच्या कडेला मोकळा माळ आहे. म्हणाला, "मिस्त्री, बसा. तुमच्या हातची गाडी, एक चक्कर तुमची." सिद्धार्थनं स्वतः दार उघडून धरलं. दारात त्याचा आडवा पाइप, तो ओलांडून मी कसाबसा आत गेलो. बसलो. समोर लांबच लांब माळ, पायाखाली माझं इंजिन गुरगुरतंय. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं.

मग सिद्धार्थनं बेल्ट घेतला. खांद्याचे पट्टे लागले. कमरेचे दोन्ही ओढले, आणि बक्कल चार बोटं लांब राहिलं. मी पोट आत घेतलं. त्यानं गुडघा टेकून ओढलं. रणजितनं आपल्या बाजूनं ओढलं. तीन बोटं.

"पट्टा सैल करा की," रणजित म्हणाला.

"सैल करायला टोकच न्हाई," सिद्धार्थ म्हणाला. मग त्याला आठवलं असावं. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी समोर काचेतून माळ बघत राहिलो. पट्टा सैल करायला जे लागतं, ते शिरूरला माझ्या शटरला लोंबत होतं.

बेल्टशिवाय गाडी पळवायची नाही हा रणजितचा नियम, आणि सिद्धार्थचाही. तरी मन राखायला रणजितनं एक चक्कर मारली, पहिल्या गिअरमध्ये, बैलगाडीच्या चालीनं. नदीकडे निघालेली एक म्हैस आम्हाला मागे टाकून गेली.

सिद्धार्थ आता रिटायर झालाय. अजून वडे घेऊन येतो, अजून मी त्याच्यावर जळतो, आणि शटर अजून त्याच पट्ट्याला धरून ओढतो. नव्या पोरांना एवढंच सांगतो. गाडी खुशाल हलकी करा. पण कात्री हातात घेण्याआधी ठरवा, त्या गाडीत आपल्याला कधी बसायचंय का.